छोट्या गाडीची ताकद: बोरिंगपासून रीमॅपपर्यंत

छोट्या मोटारीच्या इंजिनाची ताकद थोड्या पैशांत वाढवण्याचे काम महाराष्ट्रात दुरुस्तीच्या पोटातून जन्माला आले. शर्यतीसाठी गाड्या तयार करणारे मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत. बाकी सगळीकडे मालक गाडी घेऊन गॅरेजात यायचा तो ‘पिकअप राहिला नाही’ ही तक्रार घेऊन. इंजिन उघडलेच आहे तर त्यात आणखी काय करून घेता येईल, हा हिशेब तिथेच मांडला जायचा. या हिशेबाचे चार काळ पाडता येतात: फियाटचा, मारुतीचा, टर्बो डिझेलचा आणि 2020 नंतरचा. प्रत्येक काळात स्वस्त ताकद कुठून मिळणार हे कारखान्याच्या सुट्या भागांनी ठरवले. ती कुठवर वाढवायची हे ठरले पेट्रोलवर आणि कायद्यावर.

कळमना आणि गाडीची गरज

ताकदीची गरज कुठून येते हे कळमन्यावरून समजते. कळमना नागपूरच्या पूर्वेला, हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड इथे असून धान्य, मिरची, भाजीपाला, कांदे-बटाटे आणि संत्री यांचा घाऊक व्यापार इथून चालतो. आंबिया बहराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि मृग बहराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात. काटोल, नरखेड, वरुड हा संत्र्यांचा पट्टा. बागेतला माल झाडावर असतानाच पाहून सौदा करण्याची रीत असल्याने व्यापाऱ्याला गावोगाव फिरावे लागते. भंडारा-रायपूरकडे जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग 6 (आताचा 53) आणि उत्तर-दक्षिण जाणारा जुना 7 (आताचा 44) नागपुरातच एकमेकांना छेदतात, त्यामुळे या रस्त्यांवर मालाने भरलेल्या ट्रकांची रांग नेहमीची.

पुण्या-मुंबईच्या गाडीची परीक्षा बोरघाटाच्या चढावर व्हायची. नागपूरच्या सपाट प्रदेशात ती दोन पदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना होते. माणसांसह 1000 किलो भरणारी गाडी ताशी 60 वरून 90 किलोमीटरवर न्यायची तर सुमारे 174 किलोज्यूल ऊर्जा लागते. हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाता चाकांवर 20 किलोवॉट शिल्लक राहत असतील तर त्याला जवळजवळ 9 सेकंद लागतात. 25 किलोवॉट राहत असतील तर 7. ताशी 75 किलोमीटरच्या सरासरीने दोन सेकंद म्हणजे रस्त्याची चाळीस मीटर लांबी. छोट्या गाडीच्या मालकाला ताकद हवी असायची ती या चाळीस मीटरांसाठी.

दुसरी अडचण उन्हाची. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणे नवे नाही. 2013 च्या मे महिन्यात तो 47.9 अंशांवर गेला होता. हवा तापली की विरळ होते. 25 अंशांच्या तुलनेत 45 अंशांच्या हवेत तेवढ्याच जागेत सहा टक्के कमी प्राणवायू मावतो, आणि साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच उतरते. गॅरेजात हजारो रुपये खर्चून पाच टक्के ताकद मिळवलेली गाडी मेच्या दुपारी मूळच्याइतकीच चालते.

फियाटचा काळ

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या मुंबईतल्या कुर्ला कारखान्यातून निघालेली फियाट 1100 ही मराठी मध्यमवर्गाची आणि व्यापाऱ्यांची गाडी झाली. 1964 पासून ‘1100 डिलाइट’, नंतर ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ अशी नावे बदलली, तरी 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन तेच राहिले. बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75 मिलिमीटर, ताकद 40 अश्वशक्तीच्या आसपास आणि गाडीचे वजन 900 किलोच्या घरात. आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी कार्ब्युरेटर किंवा कॅमशाफ्ट मागवणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर होते. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यती होत, पण तिथली कारागिरी जिल्ह्याच्या गॅरेजपर्यंत झिरपली ती फार थोडी.

गॅरेजची खरी मदार लेथवर होती. सिलिंडर झिजले की ब्लॉक बोरिंगला जायचा आणि वाढीव मापाचे पिस्टन-रिंग बसायचे. बोरिंगने इंजिन ‘मोठे’ होते असा समज पसरला, पण आकडे वेगळे सांगतात. 68 मिलिमीटरचा बोअर 1 मिलिमीटरने वाढवला तर क्षमता 1089 वरून 1122 सीसी होते, म्हणजे वाढ तीन टक्क्यांची. बोरिंग करून आणलेली गाडी जोरात पळायची, कारण घासलेल्या रिंगांमधून निसटणारे कॉम्प्रेशन परत मिळालेले असायचे. गाडीला तिची स्वतःचीच जुनी ताकद परत मिळायची, आणि मालकाला ती नवी वाटायची.

खरी वाढ देणारे काम म्हणजे हेड फेसिंग. सिलिंडर हेडचा तळ मशीनवर घासून ज्वलनकक्ष लहान केला की कॉम्प्रेशन रेशो वाढतो. पद्मिनीच्या एका सिलिंडरची क्षमता 272 सीसी. समजा रेशो 7.5 आहे, मग पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 42 सीसीच्या आसपास असणार. ती 38 केली की रेशो 8.2 च्या जवळ जातो. इंजिन तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम काढते, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही सुधारतात. मात्र त्या काळचे पेट्रोल कमी ऑक्टेनचे होते. रेशो जास्त चढवला की चढावर किंवा भर उन्हात ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटायचे, इंजिन ठोके द्यायचे आणि पिस्टन फुटण्याची वेळ यायची. मग मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग मागे घ्यायचा, आणि हेड घासून मिळवलेल्यापैकी बरेचसे त्यातच निघून जायचे. थंड हवेच्या नाशकात चालून जाणारा रेशो नागपुरात चालेलच असे नव्हते.

उरलेले काम स्वस्तातले: व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, कार्ब्युरेटरचे जेट साफ करणे किंवा बदलणे, सीबी पॉइंटची फट जुळवणे, प्लग बदलणे. उन्हाळ्यात त्यात व्हेपर लॉकची भर पडायची. इंजिनाला चिकटून बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात बंद पडायची. गॅरेजात ‘एसी पंप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पंपावर ओले फडके गुंडाळणे आणि थोडा वेळ थांबणे हा त्यावरचा सर्वमान्य उपाय. बरेच चालक फडके आणि पाण्याची बाटली गाडीतच ठेवत. ताकद वाढवण्याआधी इंजिन थंड ठेवण्याची शिस्त विदर्भातल्या मिस्त्रींना लागली ती याच गाडीमुळे.

मारुतीचा काळ

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हिशेब उलटा झाला. इंजिन 796 सीसीचे, तीन सिलिंडरचे, ताकद पद्मिनीपेक्षा किंचित कमीच. पण गाडीचे वजन 650 किलोच्या आसपास. टनामागे अश्वशक्ती मोजली तर मारुती पुढे निघाली. हलक्या गाडीचा हा फायदा ओझ्याने लगेच संपतो, हेही तेव्हाच ध्यानात आले. 65 किलोची पाच माणसे बसली की गाडीचे वजन दीडपट होते. एकट्या चालकासह उडणारी मारुती घरच्या लग्नाला निघाली की ट्रकमागे रखडायची.

सुझुकीची इंजिने कुळाकुळाने बनलेली होती, आणि पुढच्या वीस वर्षांचे काम या कुळांवर चालले. एफ कुळात 800 चे तीन सिलिंडरचे इंजिन आणि जिप्सी व मारुती 1000 मधले 970 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन. दोन्हींचा स्ट्रोक 72 मिलिमीटर. जी कुळात 1993 च्या झेनचे 993 सीसीचे 50 अश्वशक्तीचे इंजिन आणि 1994 च्या एस्टीमचे 1298 सीसीचे. एस्टीमला कार्ब्युरेटरवर 65 अश्वशक्ती होती; 1999 च्या सुमारास आलेल्या सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) आवृत्तीत ती 85 झाली. एकाच कुळातली इंजिने असल्याने एस्टीमचे इंजिन झेनमध्ये बसवणे हा देशभर रॅली चालकांचा आणि हौशी मालकांचा आवडता बदल ठरला. अपघातात मोडलेल्या एस्टीमचे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) असा पूर्ण संच भंगारवाल्याकडून एकत्र मिळाला तर काम सोपे व्हायचे. नाशिकला भरणाऱ्या रॅली ऑफ महाराष्ट्रमध्ये 1400 सीसीपर्यंतचा वर्ग होता, आणि 1298 सीसीचे इंजिन त्यात नेमके बसायचे.

एकच नवा भाग विकत घेऊन एवढी ताकद मिळवण्याची सोय कशातच नव्हती. बाजारात मिळणारा उघडा शंकूसारखा एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि जाड प्लग वायर या तिन्हींचा खर्च मिळून लहानसहान नसायचा आणि लाभ मात्र मोजकाच. नागपूरच्या हवामानात उघडा फिल्टर तर उलट नुकसान करायचा. कारखान्याने दिलेला बंद डबा बाहेरची हवा नळीने ओढतो. उघडा फिल्टर बॉनेटखालची, रेडिएटरने तापवलेली हवा ओढतो. आवाज वाढतो, ताकद घटते. इंजिन बदललेल्या गाडीला त्याच्या जोडीने चांगले ब्रेक पॅड, टायर आणि क्लच लागत. हा खर्च टाळणाऱ्यांची गाडी पळायची छान, थांबायची मात्र नाही.

कार्ब्युरेटरचे दिवस 2000 मध्ये संपले. पेट्रोल मोटारींसाठी चार महानगरांत 1 एप्रिल 1995 पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि भारत स्टेजच्या आधीचे ‘इंडिया 2000’ निकष लागू झाले. मारुती 800 आणि झेन एमपीएफआय झाल्या. जेट बदलून, स्क्रू फिरवून मिश्रण ठरवण्याची मिस्त्रीची मुखत्यारी ईसीयूकडे गेली. पेट्रोलचा दर्जाही सुधारत गेला आणि 2005 पासून आधी मोठ्या शहरांत साधे पेट्रोल 91 ऑक्टेनचे मिळू लागले. ज्या पेट्रोलअभावी फियाटचे हेड घासणे जोखमीचे होते ते आता मिळत होते, पण घासायचे हेडच कमी झाले होते.

कायद्याची चौकट

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये मुळात मालकाला बदल करण्याची वाट होती: नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आणि मंजुरी घ्यायची. 2000 च्या दुरुस्तीने ती अरुंद केली. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येणार नाही, असे ठरले. मुभा राहिली ती मुख्यतः त्याच बनावटीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाची अदलाबदल करण्याला आणि सीएनजी-एलपीजीसारख्या इंधन किटला, तीही मंजुरीने. किटला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रातल्या अशा संस्थांपैकी दोन: पुण्याची 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई.

झेनमध्ये एस्टीमचे इंजिन या चौकटीत बसत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात कलम 52 चा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्व नागपूरच्या जुन्या मारुतीला पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीसाठी परिवहन कार्यालयात नेले की चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहतात. क्रमांक जुळला नाही तर वाढवलेली ताकद राहते बाजूला आणि गाडी रस्त्यावर येणेच अवघड होते. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी, पण त्या ट्रेलरवर जातात.

टर्बो डिझेलचा काळ

30 डिसेंबर 1998 रोजी टाटांनी पुण्यात तयार केलेली इंडिका बाजारात आणली. 1405 सीसीच्या डिझेल इंजिनाची ही गाडी टॅक्सीवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची झाली. पिकअप यथातथा, पण किलोमीटरचा खर्च कमी. तिच्या यांत्रिक पंपाचे डिझेल वाढवून जोर मिळवणे पंप-नोझलच्या कारागिराला कठीण नव्हते. ट्रकांच्या इंजिनांवर हात बसलेल्या कारागिरांनी ते छोट्या गाड्यांवरही केले. पण टर्बोशिवाय जास्त डिझेल जाळायला जास्त हवा येणार कुठून? न जळलेले डिझेल काळ्या धुरावाटे बाहेर पडे आणि पीयूसीच्या तपासणीत गाडी नापास होई.

चित्र बदलले ते फियाटच्या 1248 सीसीच्या मल्टिजेट इंजिनाने. जानेवारी 2007 मध्ये ते स्विफ्टमध्ये आले, पुढे टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये आणि फियाटच्या स्वतःच्या लिनिया-पुंतोमध्ये. पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट-टाटांच्या संयुक्त कारखान्यातही ते बनत असे. स्विफ्टमध्ये हे इंजिन 75 अश्वशक्ती देत होते. लिनियात पाती फिरवून वाऱ्याचा मारा बदलणाऱ्या टर्बोसह 93. इंजिनाचे मूळ साहित्य तेच, फरक टर्बोचा, इंटरकूलरचा आणि ईसीयूतल्या आज्ञांचा. कारखान्यानेच मोठ्या ताकदीची आवृत्ती विकली असल्याने इंजिन किती सोसते याचा पुरावा मालकाच्या हाती आयता होता.

रीमॅपिंगचा धंदा इथे बहरला. ईसीयूतला नकाशा संगणकाने वाचून डिझेलचे प्रमाण, फवाऱ्याची वेळ आणि टर्बोचा दाब बदलायचा. टर्बो डिझेलमध्ये याने 20 ते 30 टक्के ताकद वाढू शकते. टर्बो नसलेल्या पेट्रोलमध्ये दहा टक्केही कठीण. स्वस्त पर्याय ‘ट्यूनिंग बॉक्स’चा: सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून तो इंधनाच्या दाबाचा खोटा आकडा कळवतो आणि ईसीयू जास्त दाब देतो. काढून ठेवता येतो म्हणून तो लोकप्रिय, पण त्याला इंजिनाच्या तापमानाची पर्वा नसते. दोन्ही पर्यायांत पहिला बळी क्लचचा जातो, आणि त्याचा खर्च रीमॅपच्या बरोबरीने येतो.

याच सुमारास कारखान्यांनीही ताकदवान छोटी गाडी विकून पाहिली. कुर्ल्यातल्या फियाटच्या पालिओमध्ये 2001 पासून 1.6 लिटरचे 100 अश्वशक्तीचे इंजिन मिळे, आणि सचिन तेंडुलकरच्या नावाशी जोडलेली एस10 आवृत्तीही निघाली. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय 2013 ची, रांजणगावची 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंतो 2015 ची, टाटा टियागो जेटीपी 2018 ची. विक्री बेताची राहिली, कारण त्याच किमतीत मोठी गाडी यायची. आता त्या वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मिळतात. कायदेशीर ताकद थोड्या पैशांत हवी असेल तर जुन्या गाडीवर खर्च करण्याऐवजी अशी गाडी शोधणे हाच सरळ मार्ग राहिला आहे.

2020 नंतर

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. छोट्या डिझेलबरोबर स्वस्त रीमॅपचा सुकाळही ओसरला. नव्या पेट्रोल गाड्यांत ईसीयू कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन ठिकाणी ऑक्सिजन मोजतो. कन्व्हर्टर काढून मोकळा पाइप टाकला की इंजिनाचा दिवा लागतो. इंधनही बदलले. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान 95 आहे, म्हणजे ठोक्यांची भीती कमी. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे या मिश्रणात सहा-सात टक्के घट येते. जास्त कॉम्प्रेशनसाठी बांधलेल्या इंजिनाला या ऑक्टेनचा उपयोग होतो. जुन्या झेनला होत नाही, उलट तिच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट तपासून बदलाव्या लागतात. 100 ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर 2020 पासून मुंबई-पुण्यासह काही शहरांत आले, पण साध्या इंजिनाला त्यातून जादा काही मिळत नाही.

रस्तेही बदलले. नागपूरहून निघणाऱ्या समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि मुंबईकडचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. समोरून वाहन येत नसल्याने ओलांडण्याच्या चाळीस मीटरांचा प्रश्न तिथे उरत नाही. तासन्‌तास एकाच वेगाने, तापलेल्या काँक्रीटवर धावताना टायरचे वय, हवेचा दाब आणि कूलंट यांचे महत्त्व अश्वशक्तीहून जास्त ठरते.

सत्तर वर्षांच्या या कामातून खर्चाचा एक क्रम पक्का झाला आहे. आधी कॉम्प्रेशन मोजायचे. ते उतरलेले असेल तर रिंग-व्हॉल्व्हचे काम, कारण हरवलेली ताकद परत मिळवणे कुठल्याही नव्या भागापेक्षा स्वस्त पडते. मग प्लग, कॉइल, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि कारखान्याच्याच मापाचा एअर फिल्टर. त्यानंतर थंड राहण्याची व्यवस्था: रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, कूलंट. मग टायर आणि ब्रेक. डिकीतले जादा ओझे काढून टाकायला पैसे लागत नाहीत, आणि 700 किलोच्या गाडीत 35 किलो म्हणजे पाच टक्के. एवढे करूनही गाडी कमी पडत असेल तर त्याच मॉडेलची मोठ्या इंजिनाची किंवा टर्बोची कारखान्याने बनवलेली आवृत्ती घ्यावी. रीमॅपची पाळी शेवटी, तीही टर्बो असेल तर, आणि विमा, वॉरंटी व नोंदणी यांवर त्याचा परिणाम काय होईल हे आधी तपासून.